मास्क, चेहरा आणि आठ तासांची ड्युटी

आज आपण मास्कबद्दल बोलणार आहोत. मास्क म्हटलं की कोरोना आठवतो आणि ‘आता पुन्हा तेच कशाला?’ असं वाटतं. आपण बहुतेकींनी मास्क कधीच खुंटीला टांगून ठेवला. पण आपल्या बचतगटांमध्ये अशा कितीतरी जणी आहेत, ज्यांच्या तोंडावरचा मास्क अजून उतरलेला नाही. मेडिकल, मेयो, डागा, एम्स, शिवाय धंतोली आणि रामदासपेठेतली खासगी हॉस्पिटलं. तिथे कुणी सिस्टर आहे, कुणी आया आहे, कुणी वॉर्डात झाडू-पोछा करते, कुणी रुग्णांची ताटं पोचवते, कुणी कचऱ्याच्या पिवळ्या-लाल पिशव्या उचलते.

गटाच्या बैठकीत बचत, कर्ज, व्याज हे विषय संपले, की यातलीच एखादी हळूच विचारते. मास्कनं ऑक्सिजन कमी होतो म्हणतात, ते खरं का? नाकावर काळा डाग पडला, तो जाईल का? ड्युटीवरून आल्यावर रोज डोकं ठणकतं, ते मास्कमुळे की उन्हामुळे? आम्ही सहयोगिनी डॉक्टर नाही. पण हे प्रश्न इतक्यांदा कानावर आले, की त्यांची उत्तरं नीट समजून घेऊन तुमच्यापुढे मांडावीत असं आम्हाला वाटलं.

सुरुवातीलाच दोन गोष्टी सांगून टाकतो. तासन्‌तास घट्ट मास्क घातल्यानं शरीराला त्रास होतो, हे खरं आहे. मास्कमुळे निरोगी माणसाच्या रक्तातला ऑक्सिजन संपतो, हे मात्र खरं नाही. या दोन्हींची सरमिसळ झाली की नुकसान होतं. कुणी घाबरून टीबीच्या वॉर्डात मास्क नाकाखाली ओढते आणि आजार घरी आणते. कुणी खरंच त्रास होत असताना ‘काही नाही होत, सगळ्याच घालतात’ असं ऐकून गप्प बसते. दोघींनाही यातून बाहेर काढायचं आहे.

नागपूरचा उन्हाळा आणि किटचे दिवस

नागपुरात कोरोनाचा पहिला रुग्ण ११ मार्च २०२० ला सापडला. मग मेडिकलच्या ट्रॉमा सेंटरमध्ये आणि मेयोमध्ये कोविडचे खास वॉर्ड सुरू झाले. मार्च संपतो न संपतो तोच आपला उन्हाळा लागतो, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, हे तुम्हाला सांगायला नको. दुसरी लाट तर ऐन एप्रिलमध्ये आली. एप्रिल २०२१ मध्ये काही दिवस आपल्या जिल्ह्यात एकेका दिवसाला सात हजारांहून जास्त नवे रुग्ण निघत होते.

त्या उन्हात सिस्टर, डॉक्टर आणि सफाईच्या बाया पीपीई किटमध्ये होत्या. डोक्यापासून पायापर्यंत हवा न खेळणारा झगा, हातात दुहेरी मोजे, डोळ्यांवर घट्ट चष्मा आणि तोंडावर एन-९५ मास्क. घाम यायचा, पण तो वाळायला जागाच नसायची. किट एकदा चढवलं की सहा-सहा, आठ-आठ तास पाणी नाही आणि लघवी नाही, कारण काढलं की ते वाया जाणार. पाळी असली तरी तसंच. किट उतरवल्यावर नाकाच्या दांड्यावर आणि गालांवर खोल वळ उठलेले असायचे. ते फोटो आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिले आणि ‘कोरोना योद्धा’ म्हणून टाळ्याही वाजवल्या.

पुढे किट गेलं. पण टीबीचा वॉर्ड, अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रियेची खोली, थुंकी तपासणारी लॅब, इथला मास्क राहिला. तो कोरोनाच्या आधीही होता. म्हणजे हा त्रास जुना आहे. कोरोनानं तो एकाच वेळी हजारो चेहऱ्यांवर दाखवला, एवढंच.

मास्क आतून कसा असतो

नागपुरात उन्हाळ्यात तोंडाला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय सहसा कुणी मुलगी गाडी काढत नाही. ऊन आणि धूळ यासाठी दुपट्टा चांगला. पण रोगजंतूंसाठी तो फार कामाचा नाही. कापडी मास्कचंही थोडंफार तसंच. समोरच्याच्या शिंकेचे मोठे थेंब तो अडवतो, बारीक कण अडवत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे निळा किंवा हिरवा तीन पदरी सर्जिकल मास्क. तो सैल असतो, बाजूनं हवा आत-बाहेर जाते. घालणाऱ्याच्या तोंडातले थेंब रुग्णाच्या जखमेवर उडू नयेत, हे त्याचं मूळ काम. हा घातल्यावर फारसा कोंडमारा होत नाही. कानामागे दोरी रुतते आणि आत ओल साठते, एवढाच त्याचा जाच.

तिसरा एन-९५. चाचणीत वापरले जाणारे अगदी बारीक, साधारण ०.३ मायक्रॉनचे कण किमान ९५ टक्के अडवतो, म्हणून त्याच्या नावात ९५. एका मायक्रॉनचे हजार केले तर एक मिलिमीटर होतो, यावरून कण किती बारीक ते समजा. एवढे बारीक कण नुसत्या चाळणीनं अडत नाहीत. म्हणून मास्कच्या मधल्या पदरावर स्थिर वीज बसवलेली असते. कोरड्या केसांतून कंगवा फिरवून कागदाच्या कपट्यांजवळ नेला, की कपटे कंगव्याला चिकटतात ना, तसे हे कण त्या पदराला चिकटतात. म्हणूनच एन-९५ साबणानं धुवायचा नाही, सॅनिटायझर शिंपडायचं नाही आणि त्यावर इस्त्री फिरवायची नाही. तसं केलं तर वीज उतरते आणि दिसायला मास्क तसाच राहतो, पण काम करत नाही.

एन-९५ चेहऱ्याला घट्ट बसला तरच उपयोगी पडतो. त्रासही याच घट्टपणातून सुरू होतो.

ऑक्सिजनचं काय?

आता सगळ्यात मोठी शंका. मास्कचे धागे जंतूंना अडवतात, मग हवेला अडवत नाहीत का? ऑक्सिजनचे रेणू जंतूंपेक्षा कितीतरी पटींनी लहान असतात. ते धाग्यांमधून आरामात येतात-जातात. मग जीव का घाबरतो?

त्याचं कारण असं. आपण श्वास सोडतो तेव्हा शेवटची थोडी हवा मास्कच्या पोकळीत राहते. पुढच्या श्वासात ती परत आत जाते. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड अगदी नगण्य, ०.०४ टक्के असतो. आपण सोडलेल्या हवेत तो सुमारे ४ टक्के असतो. त्यामुळे मास्कच्या आतल्या हवेत तो थोडा वाढतो. शरीराला हे लगेच कळतं आणि श्वास थोडा खोल होतो. शिवाय जाड पदरातून हवा ओढायला छातीला जरा जास्त जोर लागतो. आत गरम आणि ओलं असतं, आणि चेहरा तापला की मेंदूला वाटतं, आपण गुदमरतोय.

अमेरिकेत अतिदक्षता विभागातल्या १० परिचारिकांना १२ तासांच्या ड्युटीत एन-९५ घालायला देऊन त्यांची तपासणी केली होती. तो अभ्यास २०१३ मध्ये छापून आला. त्यांच्या अंगातला कार्बन डायऑक्साइड थोडा वाढला, पण धोका व्हावा इतका नाही. मात्र जसजसे तास वाढले, तसतसा दम लागल्यासारखं वाटणं, डोकं दुखणं, डोकं हलकं होणं आणि बोलायला त्रास होणं या तक्रारी वाढत गेल्या. म्हणजे बाई ‘जीव घाबरतो’ म्हणते तेव्हा ती नाटक करत नसते. तिच्या रक्तातला ऑक्सिजन ठीक असू शकतो आणि तरीही तिला होणारा त्रास खरा असतो.

दमा, फुप्फुसाचा जुना आजार, हृदयविकार किंवा फार कमी हिमोग्लोबिन असलेल्या बाईची गोष्ट वेगळी आहे. तिनं एन-९५ घालून दिवसभराची ड्युटी घेण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि गरज असेल तर काम बदलून मागावं. निरोगी गरोदर बाईनं थोडा वेळ एन-९५ घातला, तर तेवढ्यानं बाळाचा ऑक्सिजन तुटत नाही. पण गरोदरपणात आठ तास उभं राहणं, उकाडा आणि टीबीचा वॉर्ड या तिन्ही गोष्टी एकत्र नकोत. मास्क काढून त्या वॉर्डात काम करणं तर नकोच.

डोकं का ठणकतं?

सिंगापूरच्या डॉक्टरांनी २०२० मध्ये कोरोनाच्या कामावरच्या १५८ आरोग्य कर्मचाऱ्यांना विचारलं. त्यातल्या ८१ टक्के जणांना मास्क आणि चष्मा घालायला लागल्यापासून नव्यानं डोकेदुखी सुरू झाली होती. ज्यांना आधीपासून अर्धशिशी किंवा डोकेदुखीचा त्रास होता आणि जे दिवसाला चार तासांपेक्षा जास्त वेळ हे सगळं घालत, त्यांना ती जास्त झाली.

कारणं एकापेक्षा जास्त आहेत. मास्कचे पट्टे आणि चष्म्याची कड कपाळाच्या, कानशिलाच्या नसांवर दाबतात. घट्ट अंबाडा किंवा वेणी दाबली की ते अजून वाढतं. त्यात पाणी कमी, जेवणाला उशीर, झोप अर्धी आणि घाम. म्हणून डोकं दुखलं की लगेच गोळी घेण्याआधी हे बघा: मास्क शेवटचा कधी उतरवला होता, पाणी कधी प्यायलं, पट्टा केसांच्या गाठीवर आलाय का? आठवड्यातून तीन-चार दिवस गोळी घ्यावी लागत असेल तर डॉक्टरांना दाखवा. वारंवार गोळ्या घेतल्यानंही डोकेदुखी वाढते.

चेहऱ्यावरचे वळ, पुळ्या आणि खाज

चीनमधल्या हुबेई प्रांतात कोरोनाच्या पहिल्या महिन्यांत ५४२ आरोग्य कर्मचाऱ्यांची पाहणी झाली. मास्क, चष्मा, हातमोजे यांमुळे ९७ टक्के जणांच्या त्वचेला काही ना काही इजा झाली होती, आणि सगळ्यात जास्त इजा नाकाच्या दांड्यावर होती. सहा तासांपेक्षा जास्त वेळ घालणाऱ्यांना ती अधिक होती. त्याआधी, सार्सच्या साथीनंतर, सिंगापूरमध्ये एन-९५ नियमित घालणाऱ्या कर्मचाऱ्यांपैकी तिघांमागे एकापेक्षा जास्त जणांनी पुळ्या, खाज किंवा पुरळ यांची तक्रार केली होती.

असं का होतं, ते साधं आहे. नाकाच्या दांड्यावर मांस नसतं, कातडीखाली लगेच हाड. पट्ट्याच्या दाबानं तिथला रक्तपुरवठा तासन्‌तास अडतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीवर जखमा होतात, हा त्याचाच लहान प्रकार. त्यात आतली ओल कातडी नरम करते आणि बोलताना मास्क घासतो. घाम आणि तेल साठून हनुवटीवर, गालावर पुळ्या येतात.

काय करावं? ड्युटीच्या अर्धा तास आधी चेहरा साध्या पाण्यानं धुऊन हलकं मॉइश्चरायझर लावा आणि ते मुरू द्या. मास्कच्या कडेखाली व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल थापू नका. त्यानं मास्क सरकतो आणि फटी पडतात. ते घरी आल्यावर, रात्री लावा. ड्युटीवर मेकअप नको. शक्य असेल तिथे दर दोन-तीन तासांनी, रुग्णांपासून दूर, मोकळ्या जागी जाऊन, हात धुऊन काही मिनिटं मास्क उतरवा. वळावर बोटांनी जोरात चोळू नका. कातडी फाटली, पाणी किंवा पू आला, तर त्यावर घट्ट मास्क लावून काम करू नका. वॉर्डच्या सिस्टरला किंवा डॉक्टरांना दाखवा.

काळा डाग पडला असेल तर दाब कमी झाल्यावर तो काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत फिका होतो. पण ड्युटीवरून भर उन्हात घरी येताना डाग जास्त गडद होतो. तेव्हा मात्र दुपट्टा बांधा. लिंबू, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा असलं काही लावू नका.

आणि एक महत्त्वाचं. मेडिकल स्टोअरमधून ‘गोरं करणारी’ किंवा ‘खाजेची’ म्हणून मिळणारी ट्यूब स्वतःच्या मनानं लावू नका. अशा कितीतरी मलमांमध्ये स्टेरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, मग कातडी पातळ होते, लालसर होते, चेहऱ्यावर लव वाढते आणि गजकर्ण असेल तर ते पसरतं. त्वचारोगाची ओपीडी मेडिकलला आहे, मेयोलाही आहे. तिथे दाखवा.

डोळे, तोंड आणि आवाज

मास्क वर नाकापाशी नीट बसला नाही, तर सोडलेला श्वास सरळ डोळ्यांवर जातो. चष्म्यावर वाफ धरते, डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. वाफ धरली म्हणजे तिथे फट आहे, ही खूण लक्षात ठेवा.

मास्कमध्ये कित्येक जणी नकळत तोंडानं श्वास घेतात. तोंड कोरडं पडतं, दुर्गंधी येते, हिरड्या बिघडतात. तंबाखू, नस किंवा खर्रा असेल तर आणखीनच. मास्कच्या आड खर्रा दिसत नाही म्हणून तो वाढतो, हेही आपल्या नागपुरात घडतं. तोंड सतत कोरडं, हिरड्या सुजलेल्या किंवा तोंडात पांढरा चट्टा असेल तर शासकीय दंत महाविद्यालयात तपासून घ्या.

मास्कमधून बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं. संध्याकाळपर्यंत घसा बसतो. म्हाताऱ्या रुग्णाला ऐकू येत नाही, ओठही दिसत नाहीत. अशा वेळी जोरात बोलण्यापेक्षा जवळ, समोर उभं राहून सावकाश बोला, हातानं खूण करा. घशावरचा ताण कमी होतो.

पाणी न पिण्याची सवय

हे फक्त मास्कचं दुखणं नाही, पण मास्कमुळे वाढतं. पाणी प्यायचं तर मास्क काढायला हवा. मास्क काढायला जागा हवी. पाणी प्यायलं तर लघवीला जावं लागेल, आणि सफाईच्या किंवा आयाच्या कामावरच्या बाईला स्वच्छ संडास कुठे मिळेल, याची खात्री नसते. म्हणून ती पाणीच पीत नाही. मे महिन्यात, नागपुरात, आठ तास.

मग लघवीला जळजळ होते, वारंवार जावं लागतं, कधी ताप येतो. मूतखड्याचा त्रास असलेल्यांना तो उसळतो. पाळीत एकच पॅड दिवसभर ठेवलं तर खाज आणि पुरळ येते. हे आपण लाजेखातर सांगत नाही आणि ‘उन्हानं झालं असेल’ म्हणून सोडून देतो.

ड्युटीच्या आधी दोन ग्लास पाणी पिऊन जा. प्रत्येक सुटीत पाणी प्या, डब्यात ताक न्या. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय. एखादीला चक्कर आली, उलटी झाली, पायात गोळे आले, तर तिला लगेच सावलीत बसवा, मास्क काढा, अंगावर पाणी शिंपडा आणि शुद्धीत असेल तर मीठ-साखरेचं पाणी द्या. ती बरळायला लागली किंवा अंग तापून शुद्ध हरपली, तर वाट बघू नका. तो उष्माघात आहे, तिला लगेच अपघात विभागात न्या.

नीट बसवला तर जाच कमी

आपल्याला वाटतं, मास्क जितका आवळला तितका चांगला. तसं नाही. योग्य मापाचा मास्क फार न आवळताही बसतो. मोठ्या मापाचा मास्क लहान चेहऱ्याच्या बाईनं आवळून घातला, तर वळही उठतात आणि फटीही राहतात. म्हणून दोन-तीन मापांतून निवडू द्या, असं मागा.

घालताना हात धुवा. दोन पट्ट्यांचा एन-९५ असेल तर वरचा पट्टा डोक्याच्या मागे वरच्या बाजूला आणि खालचा कानाखालून मानेवर घ्या. दोन्ही एकमेकांवर फुली करून बांधू नका. नाकावरची तार एका हाताच्या चिमटीनं दाबली तर टोक उठतं आणि कातडीत रुततं. दोन्ही हातांची बोटं नाकाच्या दोन्ही बाजूंनी खाली सरकवत ती बसवा. मग दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे हवा आली तर तार पुन्हा बसवा. गालाकडून आली तर पट्टे नीट करा.

समोर गोल झडप असलेला मास्क घातला की मोकळं वाटतं. पण त्या झडपेतून सोडलेला श्वास न गाळता बाहेर जातो. म्हणजे आपलं रक्षण होतं, रुग्णाचं होत नाही. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारनंही राज्यांना अशा मास्कबाबत सावध केलं होतं.

मास्क ओला झाला, मळला, पट्टा सैल झाला किंवा श्वास घ्यायला जड जाऊ लागला, तर बदलायचा. टंचाईमुळे तोच पुन्हा वापरावा लागला, तर प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, आत ओल साठते. कागदी पिशवीवर नाव-तारीख लिहून त्यात ठेवा. वापरून झालेला मास्क हॉस्पिटलच्या पिवळ्या पिशवीत जातो, घरच्या कचऱ्यात नाही.

काढून टाकणं हा उपाय का नाही?

जगातल्या साधारण दर चार टीबी रुग्णांपैकी एक भारतात आहे. टीबीचे जंतू खोकल्यातून बाहेर पडले की बंद खोलीत बराच वेळ हवेत तरंगतात. सर्जिकल मास्क त्यापासून सफाई करणाऱ्या बाईला पुरेसं वाचवत नाही. तो रुग्णाच्या तोंडावर हवा. वॉर्डात जाणाऱ्या बाईला एन-९५ हवा आणि खिडक्या उघड्या हव्यात. टीबीवर सरकारी दवाखान्यात मोफत औषध मिळतं, पण ते महिनोन्‌महिने घ्यावं लागतं, आणि कंत्राटावरच्या बाईचा तेवढ्यात रोज बुडतो. नाकावरचा वळ भरून येतो. म्हणून मास्क ठेवायचा आणि त्याचा जाच कमी करायचा, हाच मार्ग आहे.

हे आपण एकटीनं सोसायचं नाही

जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम आहेत. हॉस्पिटलमधला कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला पुरेशी संरक्षक साधनं द्यायची, कामावर घेताना आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी करायची, हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताच्या लसी द्यायच्या, ही जबाबदारी त्या नियमांनी हॉस्पिटलवर टाकली आहे. पगार ठेकेदार देतो म्हणून ही जबाबदारी संपत नाही. पगारातून ईएसआयसी कापला जात असेल, तर सोमवारीपेठेतल्या कामगार विमा रुग्णालयात उपचार घेण्याचा तुमचा हक्क आहे.

एकटीनं मागितलं तर ‘उद्यापासून येऊ नको’ ही भीती असते, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून पाच-सहा जणींनी मिळून, लेखी, शांतपणे मागा. मागण्या लहान ठेवा: योग्य मापाचा मास्क, ओला झाल्यावर बदलून मिळावा, दर दोन-तीन तासांनी दहा मिनिटांची सुटी, प्यायचं पाणी, बायकांसाठी कडी लागणारा संडास, वर्षाची तपासणी. मोठ्या हॉस्पिटलांमध्ये संसर्ग नियंत्रणाचं काम बघणारी एक सिस्टर असते. आधी तिच्याशी बोला, ती बहुतेक वेळा आपल्या बाजूची असते. अर्जाची एक प्रत आपल्याकडे ठेवा.

गटही थोडं करू शकतो. शिलाईवाल्या मैत्रिणींनी वीतभर कापडी पट्टीच्या दोन टोकांना मोठी बटणं लावली, तर सर्जिकल मास्कच्या दोऱ्या कानाऐवजी त्या पट्टीला, डोक्यामागे अडकवता येतात. कानामागच्या जखमा थांबतात. चिंध्यांतून होणारं काम आहे. जुन्या वर्तमानपत्राऐवजी कोऱ्या खाकी कागदाच्या पिशव्याही करता येतील. कापडी मास्क मात्र हॉस्पिटलच्या वॉर्डासाठी म्हणून विकू नका, तो त्या कामाचा नाही.

आणि घरच्यांसाठी एक विनंती. ड्युटीवरून आलेल्या सुनेच्या, लेकीच्या, जावेच्या नाकावर वळ दिसला, तर ‘एवढा कशाला घालतेस, काढून टाकायचा’ असं म्हणू नका. तिला आधी पाणी द्या. मग विचारा, आज किती तास घातला, सुटी मिळाली का, लघवीला जाता आलं का? ती जे सांगेल ते वहीत तारखेसह लिहून ठेवा. पाच-सहा घरांतून असं महिनाभर लिहिलं गेलं, की अर्जाला जोडायला कागद आपोआप तयार होईल.

पुढच्या बैठकीत ती वही सोबत आणा.